माळवदावरची हाजरी

गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला आमच्या नातसुना गेल्या की मी खालून ओरडते, "एखादा तरी राहू द्या गं दोरीवर." त्या एकमेकींकडं बघून हसतात. म्हातारीचं डोकं फिरलंय असं त्यांना वाटतं. वाटू दे. माझं डोकं एका माणसानं मी एकोणीस वर्षांची असतानाच फिरवलं होतं, आणि ते पुन्हा सरळ करून घ्यावं असं मला कधी वाटलं नाही.

तो माणूस म्हणजे आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर. पोरं, शिपाई, हेडमास्तर, समोरचा भजीवाला, सगळे त्यांना मास्टरसाबच म्हणत. निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये ते बिगुल वाजवायचे. पोलिस ॲक्शन झाली, फौज मोडली, बँडही मोडला. त्यांच्या सोबतच्यांनी पानाची दुकानं टाकली, टांगे हाकले. यांनी बिगुल काखेत मारलं आणि औरंगपुऱ्याच्या मागच्या आमच्या शाळेत येऊन उभे राहिले. उभेच राहिले म्हणते, कारण त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा उभ्यानं, भाकरी उभ्यानं, हेडमास्तरांची बैठक दाराला पाठ लावून उभ्यानं. कुणी खुर्ची पुढं केली की खुर्चीच्या पाठीवर हात फिरवून म्हणायचे, "हिलाच बसू द्या. थकली आसंल."

बूट मात्र असे चमकवलेले, की मुली त्यात बघून भांग सारखा करायच्या. वरून चमक, खालून काय ते कवायत सुरू झाल्यावर कळायचं. मास्टरसाबांनी पाय उचलला की बुटाच्या तळातून त्यांचा स्वतःचा तळवा दिसायचा.

त्यांनी जगातल्या सगळ्या गोष्टींची दोन भागांत वाटणी करून टाकली होती. एक 'फॉलिन', म्हणजे रांगेत नीट लागलेली, दुसरी 'तितर-बितर'. गोल फुगलेली पोळी फॉलिन. भाजीमंडई तितर-बितर. सप्तर्षी फॉलिन, बाकीचं आभाळ अल्लाच्या भरवशावर. हुकूम ते आधी आपल्या जुन्या सवयीनं द्यायचे, "होशियार!" मग आठवायचं की आता शाळा मराठी झाली. मग म्हणायचे, "म्हंजे सावधान!" पोरं लबाड. ती 'म्हंजे' येईपर्यंत आरामात नाक पुसून घ्यायची. 'विश्राम' हा हुकूम मास्टरसाबांनी कधी दिलाच नाही. लेकरांना ते शिकवावं लागत नाही म्हणायचे, आपोआप येतं.

आणि ते गाढवांना सलाम करायचे. थट्टेनं नव्हे. कुंभाराची गाढवं माती घेऊन शाळेसमोरून निघाली की मास्टरसाब जिथं असतील तिथं टाचा जुळवून कडक सलाम ठोकत. फौजेत त्यांच्या बँडचं सामान खेचरं वाहायची, त्यांचे हे गरीब नातेवाईक, असं कारण सांगायचे. हेडमास्तरांना मात्र नुसतं "आदाब."

आता माझी तारीफ करते, कारण ती दुसरं कुणी करणार नाही. नवीन सरकारला मराठी शिकवणाऱ्या बाया हव्या होत्या आणि माझ्याकडं मॅट्रिकचा कागद होता. तो मी उर्दूतून मिळवलाय, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझं माहेर फर्दापूरकडचं, शेतीवाडीचं. घरात बोलायचं मराठी, शाळेत लिहायचं उर्दू, अशी माझी विद्या. मग संध्याकाळी मालक, म्हणजे आमचे हे, मला इतिहासाचं एक पान मराठीतून वाचून दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी मी तेच पान, ते शिवाजीमहाराज मला खाजगीत सांगून गेल्यासारखं, वर्गात सांगायची. टाच असलेल्या चपला घालून टकटक चालायची. मनगटावर घड्याळ होतं. ते लग्नातलं, आणि लग्नातच बंद पडलेलं, पण मनगटावर होतं हे महत्त्वाचं. मास्टरसाबांना हे पहिल्या आठवड्यातच कळलं असावं, कारण दररोज व्हरांड्यात ते अदबीनं मलाच वेळ विचारायचे. मी मनगट वळवून, डोळे बारीक करून, काहीतरी ठोकून द्यायची. ते मान डोलवायचे आणि तोंड फिरवून मिशीतल्या मिशीत हसायचे. मी मनात म्हणायची, म्हातारा थोडा सरकलेला आहे.

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता शहरात पटकी आली. उर्दू बोलणारे हैजा म्हणायचे. नाव कुठलंही घ्या, माणूस सकाळी चालता-बोलता असायचा आणि संध्याकाळी त्याच्या घरात रडणं ऐकू यायचं. विहिरींत लाल औषध पडलं, पाणी गुलाबी झालं. बाजार उठले. शाळांना कुलपं लागली, हेडमास्तर कुटुंबकबिल्यासह गावी गेले, आमच्या शाळेच्या अंगणात सुई टोचायचं टेबल आलं. मला काय वाटलं, तेही सांगून टाकते. मला बरं वाटलं. इतिहासाची पुढली पानं मालकांनी अजून वाचून दाखवलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबं आणायला बाहेर पडले, तर शाळेच्या बंद फाटकासमोर मास्टरसाब उभे. बूट चमकवलेले. समोर कुणी नाही. आणि त्या कुणी नसलेल्यांना ते हुकूम देत होते, "होशियार! म्हंजे सावधान!" मी लगबगीनं पलीकडच्या कडेनं निघाले. आता पुरताच सरकला, म्हटलं.

"बाईसाब, टाइम काय झाला?"

मी मनगट वळवलं. सवयच ती.

"हाजरीचा टाइम झाला," तेच म्हणाले. "कुलूप तर दाराला लागलं. पोरं कुठं गेली?"

घरी, मी म्हणाले.

"घरी नाय. वर बघा."

मी वर बघितलं. आमच्या त्या गल्ल्यांतली घरं सगळी माळवदाची, सपाट मातीच्या छपराची, एकाला एक चिकटलेली. आणि प्रत्येक माळवदावर पोरं. कुणी पतंग उडवतंय, कुणी नुसतंच कठड्यावर बसून खाली थुंकतंय. अख्खी शाळा आभाळाला टेकून बसली होती.

"लई तितर-बितर," मास्टरसाब म्हणाले. "तुमचं माळवद समद्यात उंच हाय."

हे असं पुढं आलं. आमच्या घराला वर एक खोली होती आणि तिच्यावरचं माळवद आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांच्या वर होतं. पण त्या माळवदाच्या आणि मास्टरसाबांच्या मधे माझ्या सासूबाई होत्या. सासूबाई म्हणजे काय चीज होती, हे सांगायला वेगळं बसावं लागेल. एवढंच सांगते, की आमचा दूधवाला दुधात पाणी घालायचा तेव्हा आमच्या वाटणीचं पाणी तो दुसऱ्यांच्या दुधात घालायचा.

मास्टरसाब अंगणात उभे राहून म्हणाले की ते घरातून जाणार नाहीत, गल्लीतून शिडी लावून वर चढतील, तिथं बिगुल वाजवतील, आणि बाईसाब पोरांना वरूनच शिकवतील. सासूबाई गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हंजे माझी सून छपरावर चढून बोंबलणार. आन् तुमी तिथं पिपाणी वाजवणार."

"हौ."

"त्या पिपाणीतून माझ्या बहिणीची खुशाली कळंल का?"

सासूबाईंची थोरली बहीण तीन गल्ल्या सोडून एकटी राहायची. साथ आल्यापासून दोघींची गाठ नव्हती, आणि माझ्या सासूबाई रोज तिच्या नावानं दिवा लावून वर तिलाच शिव्या देत होत्या, निरोप पाठवत नाही म्हणून. मास्टरसाबांनी डोकं खाजवलं. मग विचारलं, मावशींच्या माळवदावर कपडे वाळत घालायची दोरी आहे का?

तिथून ते सगळं सुरू झालं. सकाळच्या पहिल्या बिगुलाला प्रत्येक घरानं माळवदावर एक कपडा टांगायचा. एक कपडा म्हणजे सगळे ठीक. दोन कपडे म्हणजे काहीतरी पाहिजे, औषध, मीठ, ज्वारी, पाणी. एकही नाही, तर धावत या. मी माझी हुशारी दाखवली. म्हटलं, रंगांच्या झेंड्या करू, हिरवी म्हणजे ठीक आणि लाल म्हणजे... मास्टरसाबांनी हात वर केला.

"रंग नक्को, बाईसाब. रंगानं लई झालं या शहरात. लुगडं, लुंगी, लेकराचं लंगोट. जे घरात आसंल ते."

पहिल्या सकाळी मावशींच्या माळवदावर त्यांचं जांभळं लुगडं फडकलं. सासूबाई शिडीवरून अर्ध्यापर्यंत चढून आल्या, डोळ्यांवर हात धरून बघितलं, आणि खाली उतरता उतरता म्हणाल्या, "जिवंत हाय म्हातारी. ते लुगडं माझं हाय पण." त्या दिवसापासून मास्टरसाबांना आमच्याकडून रोज चहा. शिडीवर उभ्यानं.

मग काय दिवस आले! दिवस वाईट होते, खोटं कशाला बोलू, गल्लीतून तिरड्या जात होत्या. पण त्या माळवदावर उभी राहिले की मला अंगात वारं भरल्यासारखं व्हायचं. पहिलं बिगुल लांब, चढत जाणारं, कपडे टांगायचं. दुसरं आखूड आणि तुटक, ते पाणी उकळायचं. त्या बिगुलाला कोपऱ्यावरचा हॉटेलवाला आपलं मोठं भगुणं भट्टीवर चढवायचा आणि ज्यांच्या घरी सरपण नाही त्यांच्यासाठी मास्टरसाब कावड करून गरम पाणी वाहायचे. तिसरं नाचरं, ते पाढ्यांचं. चौथं एकदम रडवेलं, ते सुई टोचून घ्यायचं. सुईला लोक पटकीपेक्षा जास्त भ्यायचे. म्हणून मास्टरसाब प्रत्येक गल्लीला रांगेत शाळेच्या अंगणात न्यायचे आणि सगळ्यांच्या देखत पहिली सुई स्वतः घ्यायचे. गल्ली बदलली की पुन्हा पहिली सुई. शेवटी डॉक्टरांनी त्यांचा दंड बघितला, तो भोपळ्यासारखा सुजलेला, आणि त्यांना रांगेतून हाकलून दिलं. मास्टरसाब दोन दिवस तापात कुडकुडले आणि कुडकुडतच बिगुल वाजवलं. त्या दोन दिवसांत सगळेच हुकूम थरथरत आले, पण लोकांना बरोबर कळले.

शिकवायचं माझ्याकडं. मी प्रश्न ओरडायची, जवळच्या माळवदावरचा पोरगा तो पुढल्या माळवदाकडं ओरडायचा, तो त्याच्या पुढल्याकडं. उत्तर कोळशानं सुपावर लिहून सूप वर धरायचं. बायका जात्यावर तेराचा पाढा म्हणायला लागल्या. आमच्या सासूबाई कठड्याआड बसून पापड लाटता लाटता माझ्या चुका काढायच्या. आणि एका संध्याकाळी पोरांनी मला माळवदावरूनच विचारलं, की बाई, वर्गात तुम्ही ज्या खिडकीकडं दक्षिण सांगितली होती तिकडं सूर्य कसा काय बुडतोय? मी म्हटलं, साथीचे दिवस आहेत, काहीही होऊ शकतं.

सगळ्यांत आधी वर येणारं सूप असायचं गल्लीच्या टोकाच्या माळवदावर. तिथं माणूस दिसायचं नाही. कठड्याच्या वर फक्त एक सूप आणि ते धरलेला हात. तो हात शमीमचा. ती सातवीत. तिचे वडील हिमरूचे विणकर, मोठे कारागीर, पण हिमरू घालणारे नबाब-जागीरदार आता राहिले नव्हते आणि माग निम्मे दिवस थंड असायचा. त्यांनी घरात सांगून टाकलं होतं, की सातवीची परीक्षा या वर्षी झाली तर झाली. वर्ष वाया गेलं तर दुसरं वर्ष मिळायचं नाही. जालन्याला तिची फुफी, म्हणजे आत्या, आपल्या मुलासाठी वाट बघतच बसली होती. माळवदावरच्या शाळेला त्यांनी हो म्हटलं, कारण पोरीला उंबरा ओलांडावा लागत नव्हता आणि कठड्याआड तोंड दिसत नव्हतं. मास्टरसाब रोज सकाळी पहिल्यांदा तिकडं बघायचे. ती सातवी पास झाली तर पुढची गोष्ट करता येईल, एवढंच म्हणायचे. पुढची गोष्ट कोणती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

एका सकाळी बिगुल वाजलं, कपडे लागले, आणि टोकाच्या माळवदावर काहीच लागलं नाही. मास्टरसाबांनी पुन्हा वाजवलं. दोरी रिकामी. ते शिडीकडं वळले आणि तेवढ्यात खाली गल्लीत जीप येऊन थांबली.

त्या दिवसांत आमच्याकडं पोलीस बाहेरून आणलेले असायचे. हा फौजदार मुंबई इलाख्यातून नुकता बदलून आलेला, कोवळा, मिशी कालच फुटलेली. त्याला कुणीतरी खबर दिली होती, की निजामाच्या फौजेतला एक माणूस उंच छपरावरून बिगुल वाजवतो आणि गल्ल्यागल्ल्यांतून त्याला कपड्यांच्या खुणा होतात. आता तुम्हीच सांगा, हे ऐकून कुठल्या फौजदाराला झोप लागेल? शिपायांनी मास्टरसाबांना शिडीवरून ओढूनच उतरवलं. बिगुल वर कठड्यावर राहिलं. मीही वर राहिले, कठड्याला चिकटून.

मास्टरसाबांनी सलाम केला. गाढवांना करायचे तोच, पूर्ण. म्हणाले, "साहेब, मला नेयाचं तर न्या. पण पयले ते घर बघा."

"कुठलं घर?"

"ज्याच्यावर कपडा नाय."

फौजदार वैतागला. घरावर कपडा नसणं हा कधीपासून गुन्हा झाला, आणि या कपड्यांचा अर्थ काय, कोण कोण सामील आहे, सगळं चौकीवर सांगायचं, म्हणाला. मास्टरसाब समजावू लागले, पण घाईत त्यांचं मराठी, दखनी, फौजी सगळं एकात एक झालं. 'दोन लुगडी म्हंजे ज्वारी' हे वाक्य ऐकून फौजदाराचा चेहरा आणखीनच कडक झाला. शिपायांनी त्यांना जीपकडं वळवलं. त्यांनी मान उलटी करून वर माझ्याकडं बघितलं.

"बाईसाब, हाजरी!"

आता माझी बहादुरी ऐका. मनात पहिला विचार आला तो हा, की खाली उतरून सासूबाईंच्या मागं लपावं. पण तोवर सासूबाई शिडीच्या मधोमध येऊन उभ्या होत्या आणि त्यांना ओलांडून जाण्यापेक्षा फौजदार परवडला. मी बिगुल उचललं. आयुष्यात कधी फुंकलं नव्हतं. गाल फुगवले, डोळे मिटले आणि जीव खाऊन फुंकर मारली.

असा आवाज आला, जणू गोठ्यातलं रेडकू विहिरीत पडलंय. पुन्हा फुंकलं. रेडकाची आई पण पडली.

हा कुठला हुकूम, ते कुणालाच कळलं नाही. पण बिगुल वाजलंय हे सगळ्यांना कळलं, आणि साथ लागल्यापासून त्या गल्ल्यांना एक सवय पडली होती. बिगुल वाजलं की काहीतरी करायचं. मग ज्याला जे वाटलं ते त्यानं केलं. हॉटेलवाल्यानं भट्टीवर भगुणं चढवलं. माळवदांवर सुपं उठली आणि कुठं तेराचा पाढा, कुठं सतराचा, एकमेकांत मिसळून सुरू झाला. मावशींनी आमच्या सासूबाईंचं आणखी एक लुगडं बाहेर काढलं. वरच्या गल्लीतली माणसं बाह्या वर करून, पोरंबाळं काखेत मारून, सुईच्या रांगेसाठी धावत सुटली आणि थेट जीपला येऊन धडकली. एक म्हातारा तर फौजदाराच्याच समोर दंड उघडा करून, डोळे गच्च मिटून उभा राहिला. "मारो साब," म्हणाला.

फौजदार गोल गोल फिरून बघत होता. वर पाढे, समोर दंड, कोपऱ्यावर वाफाळतं पाणी. त्याच्या हातातल्या छडीचं आता काय करावं, हे त्याला कळेना.

"समदं तितर-बितर केलं बाईसाबनं," मास्टरसाब जीपजवळून हळहळले.

शिडीवरून सासूबाईंचा आवाज आला. "ए पोरा, बघतोस काय? आमची खुशाली बघून झाली आसंल तर ते टोकाचं घर बघ आता. तिथं कपडा नाय."

आणि फौजदार निघाला हो! मास्टरसाबांचा दंड अजून शिपायाच्या हातात, पण आता मास्टरसाबच शिपायाला ओढत होते. मी शिडीवरून उतरले. कशी ते विचारू नका, एक टकटक चप्पल वरच राहिली.

शमीमच्या अब्बांनी दार बोटभर उघडलं. आत सगळं ठीक आहे, म्हणाले. फौजदार बघून तर दार आणखी ओढून घेतलं. आम्हाला त्यांची भीती कळत होती. दवाखान्याची गाडी माणूस घेऊन जाते ते गावाबाहेरच्या तंबूत, तिथून किती परत आले? मागून घरातलं अंथरूण-पांघरूण जाळतात, आणि त्यांच्या घरात तर मागावर रेशीम ताणलेलं होतं. मास्टरसाबांनी दाराला हातही लावला नाही. एवढंच म्हणाले, "मियाँ, दोरी खाली हाय."

"मैं बोला था उसकू," अब्बा चिडून म्हणाले. "सुबू से बोलरा हूँ, रोज के माफिक एक कपडा टांग दे. सुनतीच नै."

मग मागून दार ओढलं गेलं आणि शमीम पुढं आली. ओढणी खांद्यावर, तोंड उघडं, डोळे रडून लाल. आम्ही इतके दिवस ओळखत होतो त्या हाताला असा चेहरा होता. गल्लीभर माणसं उभी, पोलीस उभे, आणि ती बापाकडं बघत म्हणाली, "झूटी हाजरी मैं नै देती, अब्बा. अम्मी मरजाएगी."

अब्बांचा हात दारावरून आपोआप खाली आला.

तिच्या आईचं अंग गार पडायला लागलं होतं, डोळे आत गेलेले. मास्टरसाबांनी खाटेसकट उचलायला माणसं लावली, "फॉलिन, फॉलिन" करत, आणि फौजदारानं, देव त्याचं भलं करो, जीपची मागची जागा स्वतः मोकळी केली. बाईमाणूस सोबत पाहिजे म्हणून मला चढवलं, एका चपलेवर. दवाखान्यापर्यंत मी त्या माउलीच्या तोंडात मिठाचं कोमट पाणी चमच्याचमच्यानं सोडत होते, आणि पुढं बसलेला फौजदार सारखा मागं वळून विचारत होता, "आहेत ना हो? आहेत ना?" अर्धा रस्ता जाईपर्यंत तो मला ताई म्हणायला लागला होता. अब्बांना तंबूच्या बाहेर बसू द्यायची परवानगी त्यानंच काढली. ते बसले, आणि शेजारी मास्टरसाब उभे राहिले.

ती बाई वाचली. सलाईननं वाचली, डॉक्टरांनी वाचवली, पण आणखी थोडा वेळ गेला असता तर नसती वाचली, हे डॉक्टरांनीच सांगितलं. आमच्या माळवदावर दुसऱ्या दिवशी हाजरी झाली तेव्हा फौजदारानं चौकीच्या छपरावर आपली खाकी चड्डी टांगलेली होती. सासूबाईंनी ती बघून तोंडाला पदर लावला आणि ती हाजरीत मोजून घेतली.

पाऊस सुरू झाल्यावर साथ ओसरत गेली, शाळेचं कुलूप निघालं, आणि सातवीच्या परीक्षेला आमच्या गल्ल्यांतली पोरं बसली. त्यांना बाकावर बसून हळू बोलायची सवय राहिली नव्हती. तपासायला आलेले साहेब म्हणाले, तुमची मुलं बहिरी आहेत का? शमीम पास झाली. वरच्या नंबरानं झाली, म्हणून आम्ही उड्या मारल्या, मी तर व्हरांड्यात सगळ्यांच्या देखत.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिचे अब्बा शाळेत आले. अंगात त्यांनीच विणलेल्या हिमरूची शेरवानी, ईदला काढायची ती. मास्टरसाब मैदानात कवायतीची गुंतलेली दोरी मोकळी करत होते आणि मी उगीच जवळ घुटमळत होते. अब्बा सरळ मास्टरसाबांपुढं येऊन उभे राहिले. जालन्याला बहिणीला नाही म्हणून सांगून आलोय, म्हणाले. बहीण रागावलीय, रागावू दे. पण आता ही पोरगी घरात सारखी एकच विचारतेय.

"आठवी कां होती, मास्टरसाब? लडकियाँ जाते क्या वां? कैसी जगा है?"

आमच्या शाळेत आठवी नव्हती. सातवीनंतर मुलीचं नाव कटायचं आणि आम्ही नव्या पोरांच्या मागं लागायचो, हाच रिवाज. मास्टरसाब स्वतः चार बुकं शिकलेले. त्यांनी टाचा जुळवल्या, छाती पुढं काढली.

"है ना," म्हणाले. "मैं खुद देखके आया. लई अच्छी जगा है. बडा आंगन है, धूप आती. लडकियाँ जाते. कल सुबू मैं लेके जाता उसकू, तुमबी चलो."

अब्बांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांनी मास्टरसाबांचे दोन्ही हात धरले, मला आदाब केला आणि फाटकातून बाहेर पडले. ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत मास्टरसाब तसेच ताठ उभे होते. मग माझ्याकडं झुकले आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले,

"बाईसाब, आता लौकर सांगा. कुठं हाय ती आठवी?"

मलाही माहीत नव्हतं. मी चपला नीट केल्या, त्यांनी दोरी तिथंच टाकली, आणि आम्ही दोघं शोधायला निघालो.